कपावरची बशी

आज या कडुनिंबाखाली माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, ते समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या आबांमुळे. हे आधी सांगून टाकतो.

ग्रामसभेत चहा आला की आबा कपावर बशी पालथी घालत. पाचोऱ्याकडच्या या आमच्या बाजारगावात तुम्ही राहिला असाल, तर पाहिलंच असेल. ग्रामसेवक ठराव वाचे, लोक "मंजूर, मंजूर" म्हणत आणि चहा फिरे. तो यायचा गावच्या बड्या बागायतदार दादांच्या मळ्यावरून. दादा कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, सभेलाही येत नसत. पण गावाचं सगळं मळ्यावरच ठरे. माहीत सर्वांना होतं. हे ठरलं कुठे, असं विचारत फक्त आबा, आपल्या अहिराणीत, "हाई ठरनं कोठे?" उत्तर मिळेपर्यंत बशी उचलायची नाही. आबांच्या नशिबी गरम चहा नाही, असं लोक हसून म्हणत.

मी पिंपळनेरचा. सातवीतच शाळा सुटली आणि इतक्या लांब पंक्चर काढायला येऊन बसलो. इथे ना भाऊबंद, ना मतदानाचा हक्क. एके दिवशी शिपाई सांगून गेला, "बाजाराच्या दिवसाआधी जागा खाली कर. आज ठराव होतोय." जागा कोणाला हवी होती, ते कोणी सांगेना. मी पंप, पाने पोत्यात भरू लागलो. समोरच्या ओट्यावरून आबा ओरडले, "पोतं बांधू नको रे! आधी सभेला चाल."

सभेत ठराव वाचला गेला. मंजूर, मंजूर. आबांची बशी पालथी.

"हाई ठरनं कोठे?"

"आबा, इथंच तर ठरतंय," ग्रामसेवक म्हणाला.

"मंग हाऊ च्या मळावर आधीच कसा उकळना?"

सगळी सभा हसली. सरपंच तेवढे हसले नाहीत. आबा त्यांच्याकडे वळले, आवाज एकदम मऊ झाला. "भाऊ, तुले तरी इचारं का कोनी?"

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कपाकडे.

"नही, आबा." आणि कप खाली ठेवून ग्रामसेवकाला, "हा विषय राहू द्या."

जागा राहिली. पुढच्या निवडणुकीत सरपंच पडले. आबा भुसावळला लेकीकडे गेले आणि तिकडेच वारले.

आता सभा चहा गरम असतानाच संपते. परवा शाळेचं मैदान कोणाच्या तरी गोदामाला द्यायचा ठराव आला. मंजूर, मंजूर. माझं नाव आता इथल्या मतदार यादीत आहे. मी कपावर बशी पालथी घातली.

"काय रे, माशी पडली का?" चहावाल्यानं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. आबांचा प्रश्न काही मी विचारला नाही. पण बशीही उचलली नाही. सगळे उठून गेले तरी माझा कप तसाच झाकलेला होता.

आबा, तेवढं एक वाक्य राहिलंय. एक दिवस तेही मोठ्यानं विचारीन.