ताईच्या सासऱ्यांची कानपरीक्षा

माझ्या ताईच्या सासऱ्यांनी ज्याची परीक्षा घेतलेली नाही असा माणूस भिलाईत सापडणं कठीण, आणि त्या परीक्षेत पास झालेला माणूस सापडणं तर त्याहून कठीण. गॅसचं सिलिंडर आणणारा, विजेचं मीटर वाचणारा, सत्यनारायणाला आलेले गुरुजी, मतदारयादी तपासायला आलेल्या शाळेतल्या बाई, सगळे सेक्टर १० मधल्या त्या क्वार्टरच्या व्हरांड्यात कधी ना कधी नापास झालेले आहेत. गुरुजींना विसापैकी सात मिळाले. त्यांनी दक्षिणा घेतली, पण प्रसाद न घेताच ते निघून गेले, असं ताई सांगते.

फौजेत भरती झालेल्या जवानांपैकी कोणाला परकी भाषा लवकर येईल हे आधीच ताडून पाहायची एक परीक्षा असते. सरहद्दीपलीकडचे लोक काय बोलतात ते समजणारं कोणीतरी अलीकडे लागतंच. या परीक्षेत खरी भाषा घेत नाहीत, कारण ती एखाद्याला आधीच येत असेल तर बाकीच्यांवर अन्याय. म्हणून एक खोटीच भाषा रचतात, तिचे चार शब्द आणि दोन नियम जवानांना सांगतात, आणि मग तिच्यातली वाक्यं ऐकवून अर्थ विचारतात. ज्याचा कान पक्का तो पुढे चिनी, बर्मी शिकायला जातो. ज्याचा कच्चा तो बंदूक उचलतो. ताईचे सासरे, म्हणजे आमचे काकाजी, वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून फौजेत गेले आणि हवालदार म्हणून एकोणीस वर्षं त्यांनी हीच परीक्षा घेतली. निवृत्त होऊन ते मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायला आले, तेव्हा एक ट्रंक, एक होल्डॉल आणि ती खोटी भाषा एवढंच सामान त्यांच्याबरोबर होतं. सैन्याने ती भाषा केव्हाच बाद केली होती. काकाजींनी केली नाही.

त्या भाषेत एकूण अकरा शब्द होते आणि सगळे फौजी कामाचे. तोमा म्हणजे शिपाई, गारू म्हणजे खेचर, केशू म्हणजे नदी, ओडी म्हणजे वाहून नेणे. क्रियापद आधी, मग करणारा, मग ज्याच्यावर करायचं तो. अनेकवचन करायचं तर शेवटचं अक्षर दोनदा म्हणायचं. गारू एक असलं तर गारू, जास्त असली तर गारूरू.

माझी परीक्षा झाली ती ताईच्या लग्नाच्या बोलणीत. जवळच्याच पद्मनाभपूरहून आम्ही सहाजण गेलो होतो. चहा झाला, पोहे झाले, आणि देण्याघेण्याचा विषय निघणार एवढ्यात काकाजींनी डोळे मिटले, उजवा हात कानामागे धरला आणि मला म्हणाले, "बापू, आयका. ओडी गारू तोमा. काय झालं?"

मला वाटलं, ही त्यांच्याकडची काही रीत असावी. मी जरा विचार करून म्हणालो, "शिपाई खेचराला नेतो."

काकाजींनी डोळे उघडले आणि माझ्याकडे फार वेळ, फार दुःखाने पाहिलं. "बावीस वर्षाच्या पोराच्या पाठीवर तुमी खेचर देलं," ते म्हणाले. मला चार गुण मिळाले. सोयरीक मोडते की काय म्हणून आईचा चेहरा उतरला. पण ताईने चहाचे कप उचलता उचलता बारा गुण मिळवले आणि काकाजींनी तिथल्या तिथे लग्न पक्कं केलं. देण्याघेण्याचं नावही निघालं नाही.

माणसांचे त्यांनी तीनच प्रकार केले होते: पक्का कान, कच्चा कान आणि फुटका कान. रक्तदाब तपासणाऱ्या डॉक्टरचीही त्यांनी परीक्षा घेतली, दंडाला पट्टा बांधलेला असतानाच. डॉक्टरला सहा गुण मिळाले आणि त्याने गोळी वाढवून दिली. ती रागापोटी वाढवली, असं काकाजींचं अजूनही मत आहे. एकदा क्रेडिट कार्ड विकणाऱ्या एका मुलीचा फोन आला. तिला त्यांनी पाऊण तास सोडलं नाही. तिला सतरा गुण पडले. "बेटी, तुम ये नौकरी छोडो, तुमारा कान देश के काम का है," असं त्यांनी तिला कळवळून सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या मुलीने आपणहून फोन केला. चुकलेली तीन उत्तरं कोणती, हे तिला जाणून घ्यायचं होतं.

गंमत अशी की स्वतः काकाजींना मराठीखेरीज धड काहीच बोलता येत नसे. फौजेत आणि भिलाईत मिळून आयुष्य गेलं, पण त्यांची हिंदी मराठीच्याच धोतरात वावरायची. भाजीबाजारात ते खणखणीत आवाजात सांगत, "कांदा लहान लहान मत देना, मेरेको सोलने को त्रास होता है." भाजीवाली छत्तीसगढी बाई मान हलवून मोठे कांदे द्यायची. तिला सवय झाली होती. त्यांची नात मिनू मात्र लाजेने दोन गाळे पुढे जाऊन उभी राहायची.

मिनू ही ताईची एकुलती एक. घरात मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देणारी, भिलाईतल्या तिच्या वयाच्या सगळ्या मराठी मुलांसारखी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तिने कोणाला न सांगता सैन्यातल्या जागेसाठी अर्ज भरला. धावण्याच्या चाचणीत ती पास झाली, तेव्हा घरात कळलं. ताईने दोन दिवस अबोला धरला. पोरगी दूर जाईल, एवढंच तिचं म्हणणं होतं. भाऊजी प्लांटच्या शिफ्टचं कारण काढून घराबाहेर राहिले. तिसऱ्या दिवशी पत्र आलं की पुढची परीक्षा भाषेचा कल तपासण्याची आहे, महिन्याभराने, रायपूरला. मिनूने ते आजोबांना वाचून दाखवलं. काकाजी उठले, ट्रंकेतून फौजेतली टोपी काढून घातली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून या घरात मराठी बंद. हिंदीबी बंद."

तो महिना त्या घराने कसा काढला ते घरच जाणे. अकरा शब्दांत संसार करायचा होता. नदी म्हणजे पाणी, चहा, वरण, ताक आणि आंघोळ. शिपाई म्हणजे घरातला कुठलाही माणूस. आणि उरलेलं सगळं खेचर. मी एकदा दुपारी जेवायच्या वेळेला गेलो, तर काकाजी ताटावरून ओरडत होते, "ओडी तोमा गारूरू."

"म्हणजे काय आणायचं?" मी ताईला विचारलं.

"पोळ्या," ताई म्हणाली. "काल गारूरू म्हणजे वांगे होते. तू सांग, मी रोज खेचर शिजवून राहिली का इथं?"

"मम्मी, आप क्रियापद पहले बोलो ना," मिनू म्हणाली.

ताईने पोळ्या ताटात अशा टाकल्या की काकाजी काही वेळ कुठल्याच भाषेत बोलले नाहीत. पण अबोला सुटला होता, हे माझ्या लक्षात आलं. माय-लेकी बोलत होत्या. भांडत होत्या, पण बोलत होत्या. आणि आजोबांच्या खोलीतून रोज संध्याकाळी मिनूच्या हसण्याचा आवाज यायचा, कारण अकरा शब्द संपले की काकाजी नियम समजावून द्यायला शेवटी मराठीवरच येत.

परीक्षेच्या दिवशी मी गाडी काढली. मागे मिनू आणि काकाजी. ते टोपी घालून ताठ बसले होते.  वाटेत कुम्हारीला चहाला थांबलो, तर मिनूने कप तोंडालाही लावला नाही.

"आबाजी, मेरे से नहीं होगा," ती म्हणाली. "पेपर में दूसरी भाषा होगी. सब भूल जाऊंगी."

"होईन," काकाजी म्हणाले.

"आप को कैसे पता? आप को कितने मिले थे?"

काकाजींनी चहा बशीत ओतला, फुंकला, आणि पुन्हा कपात ओतला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. आम्हालाही कधी सुचला नव्हता.

"दोन," ते म्हणाले.

"बीस में से?"

"विसातून. अन् त्यातला एक अंदाजानं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मले चिनी शिकाची लय हौस होती, बाई. पेपर झाल्यावर साहेबानं बोलावलं. म्हणे, याच्या डोक्यात काईच शिरत नाई, याच्या हाती पेपर सुरक्षित राहीन. म्हून मले पेपराच्या पेटीवर बसवलं. एकोणीस वर्षं पोरं पास होऊन पुढं गेले, मी पेटीवर. ते अकरा शब्द पाठ कराले मले सात वर्षं लागले. तुले चार दिवस लागले. म्हून सांगून राहिलो, होईन."

मिनूने चहा पिऊन टाकला. गाडीत बसताना तिने आजोबांचा हात धरला तो रायपूर येईपर्यंत सोडला नाही.

परीक्षा तीन तासांची होती. काकाजींनी तेवढ्या वेळात फाटकाबाहेर बसलेल्या बारा पालकांची परीक्षा घेतली. त्यांतला एकच पास झाला, आणि तो पालक नव्हता, पेरू विकत होता.

मिनू बाहेर आली ती धावतच. भाषा अर्थातच वेगळी निघाली. खेचर नव्हतं, नदी नव्हती, क्रियापद शेवटी होतं. "पर एक चीज पे सब अटक गए," ती धापा टाकत म्हणाली. "उस भाषा में 'हम' के लिए दो शब्द थे. एक में सामनेवाला भी आता है, एक में नहीं. बाजूवाली लडकी रोने लगी कि हम तो हम होता है, दो कैसे. मले तर लगेच समजलं, आबाजी. एक म्हणजे आपण, अन् एक म्हणजे आम्ही."

काकाजींनी चष्मा काढला. महिनाभर घोटून घेतलेली भाषा कामी आली नव्हती. ती समजावताना जी बोलावी लागली ती कामी आली होती, आणि ती तर ते फुकटच बोलत होते. "अन् मी घरात मराठीच बंद केली होती," ते पुटपुटले, आणि मग घाईने चष्मा पुसू लागले.

मिनू पास झाली. आता ती दूर कुठेतरी आहे, कुठली तरी भाषा शिकते. कुठली, ते सांगायची तिला परवानगी नाही. दर रविवारी फोन येतो. ताई जेवणाचं विचारते, भाऊजी हवेचं विचारतात. काकाजी पाऊण तास बोलतात, पण आख्ख्या भिलाईला प्रश्न विचारणाऱ्या या माणसाने ती भाषा कुठली, एवढं तिला एकदाही विचारलेलं नाही.

मागच्या रविवारी मी गेलो, तेव्हा फोन नुकताच संपला होता. काकाजी व्हरांड्यात बसले होते.

"काय म्हणते मिनू?" मी विचारलं.

"बरी आहे. बोलता बोलता मागून तिले कोणीतरी हाक मारली. त्या भाषेत. काईतरी विचारलं, अन् हिनं उत्तर देलं."

"काय म्हणाली?"

"मले काय समजते, बापू." त्यांचा उजवा हात कानामागे गेला. "पण अडखळली नाई पोरगी."