माय, कॅरिअर आणि आर्वीची सडक

नत्थू ताकसांडे वर्ध्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांना तेल घालायचा. वय सव्वीस, अंगानं तुरीच्या काडीसारखा. शहराजवळच्या पिपरीत आई सीताबाई आणि तो, दोघंच. घरात मोलाची वस्तू एकच, ती काळी जुनी सायकल. जिनमधलं उरलंसुरलं तेल रोज तिच्या चेनला मिळायचं, त्यामुळे दिसायला म्हातारी असली तरी चालायला ती मऊ होती.

छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा होती. आदल्या दिवशी सीताबाई पांढरं लुगडं नेसून पहाटेच वर्धा स्टेशनवर गेली. गाड्यांना माणसं लटकलेली. दोन गाड्या डोळ्यांदेखत निघून गेल्या. तिला पोचवायला आलेला नत्थू म्हणाला, "आता तिसरी पाहू." सीताबाई स्टेशनाबाहेर आली आणि त्याच्या सायकलपाशी जाऊन उभी राहिली.

"मले मांगं बसव."

"माय, नागपूर सत्तेचाळीस मैल हाय!"

"मंग काय झालं? चालवाचं तुले हाय, मले तं बसाचंच हाय."

निघाले. सडकेवर पायी चाललेली माणसं, बैलबंड्या, पांढऱ्या कपड्यांची रांगच रांग. सेलूच्या पुढं एकदा चाक पंक्चर झालं, दोन ठिकाणी लोकांनी थांबवून भाकरी खाऊ घातली. ऊन कलायच्या आत मायलेक नागपुरात होते. दुसऱ्या दिवशी दीक्षा घेतली, तिसऱ्या दिवशी परत. पिपरीत उतरल्यावर सीताबाईची कंबर धरली होती. नत्थूचे पाय मात्र दुखत नव्हते. त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

ते नवल वर्षभर मनात राहिलं. सत्तावन्नच्या नोव्हेंबरात शहरातल्या एका व्यायामशाळेच्या भिंतीवर कागद लागला, की सव्वीस जानेवारीला वर्धा ते आर्वी आणि परत, सायकलची शर्यत. जाऊन-येऊन सत्तरेक मैल. नत्थूनं नाव दिलं. नाव लिहून घेणारे महादेवराव चष्म्यावरून त्याच्या सायकलकडे पाहत म्हणाले, "हिच्यावर?"

"हिच्यावरच."

शेजारी मधुकरराव उभे होते. शाळेत ड्रिल शिकवायचे, आधीच्या दोन्ही शर्यती त्यांनीच मारलेल्या. वाकड्या हँडलची विलायती सायकल त्यांच्याकडे होती. माणूस दिलदार. म्हणाले, "सराव कसा करणार? वजन घेऊन करा. मी तर मागं वाळूचं पोतं बांधतो. शर्यतीच्या दिवशी ते सोडलं की सायकल उडते."

घरी आल्यावर नत्थू वाळूसाठी पोतं शोधू लागला. सीताबाईनं विचारलं, "पोतं कायले पाह्यजे?" त्यानं सांगितलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"वाळू काऊन? मी का हलकी हाओ?"

त्या दिवसापासून सराव सुरू झाला. कॅरिअरवर गोधडीची चौघडी, तिच्यावर सीताबाई. कामाच्या दिवशी जिनच्या भोंग्याच्या आधी पवनारपर्यंत जाऊन यायचं आणि रविवारी लांब. लांब कुठं जायचं हे सीताबाई ठरवायची. सराव नत्थूचा, पाहुणचार तिचा. वर्षानुवर्षं न भेटलेले सोयरे तिला एकेक करून आठवू लागले. एका रविवारी जामला, बहिणीकडे, रंभामावशीकडे. पुढच्या रविवारी पुलगावला, चुलतभावाकडे. मग खरांगण्याला आनंदाबाईकडे. आनंदाबाई तिची बालपणीची मैत्रीण. आर्वीच्या सडकेवरच तिचं घर.

बसल्या बसल्या सीताबाई शिकवणीही घ्यायची. सायकल तिला येत नव्हती, पण पोराचा श्वास पाठीतून कळायचा.

"बोलून दाखव."

"काय बोलू?"

"आत्याच्या पोरायचे नावं सांग. थोरल्यापासून."

"श्रावण... मंग लहानू... मंग..." नत्थूला दम लागायचा.

"नावं पुरे होऊन नाई राह्यले, म्हणजे तू लय जोरात चालवून राह्यला. हळू घे. अजून बारा मैल हायेत."

दीड महिन्यात आत्याची सातही पोरं, त्यांच्या बायका आणि पुढं त्यांची लेकरं त्याला न थांबता सांगता येऊ लागली. चढावर ती कधी उतरली नाही. एकदा मात्र जामच्या वाटेवर आडव्या आलेल्या म्हशीला चुकवताना दोघंही नालीत गेले. सीताबाईचे दोन्ही कोपर सोलून निघाले. नत्थू घाबरून तिला उठवायला धावला, तर ती नालीत बसून हसत होती. "चालवता बेस येते तुले," ती म्हणाली, "थांबता नाई येत."

मग आठ दिवस नुसता ब्रेकचा सराव झाला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सीताबाई मोटारीनं खरांगण्याला निघून गेली. "आनंदीच्या घरी काम हाय," एवढंच म्हणाली.

सकाळी सात वाजता एकोणीस सायकली सुटल्या. पाठीमागचं वजन गेल्यानं नत्थूची सायकल पहिले दोन मैल नुसती डुलत होती. त्याला वाटलं, पुढचं चाक उचलून वर जाईल. आंजीपर्यंत तो सगळ्यांच्या मागं होता. पण खरांगण्याच्या पुढचा चढ लागला आणि एकेक जण खाली उतरून सायकल ढकलू लागला. नत्थू बसूनच होता. आर्वीला पोचला तेव्हा त्याच्यापुढं दोनच सायकली होत्या.

आर्वीला वळण्याच्या जागी टेबल, माठ आणि पेले मांडलेले. पाणी देणाऱ्या माणसानं पेला भरला, यादीवर खूण करायला नाव विचारलं. नत्थूनं सांगितलं. त्या माणसानं पेला परत टेबलावर ठेवला आणि तांब्या उचलला.

"ओंजळ कर."

नत्थूच्या घशाला कोरड होती.

"ओंजळीनं प्यायचं सोडलं, भाऊ, आमी," तो म्हणाला आणि सायकल वळवली.

पुढचे काही मैल फार वाईट गेले. ऊन चढलेलं, जीभ टाळूला चिकटलेली. संतापानं त्यानं पायांना जास्तच जोर लावला आणि मांडीत गोळा आला. थांबावं, सावलीत पडावं, असं वाटलं. मग सवयीनं तो पुटपुटू लागला, श्रावण, लहानू, पुंडलिक... तिसऱ्या नावाला दम तुटला. त्यानं वेग कमी केला. चौथं नाव आलं, पाचवं आलं. सातव्या पोराच्या लेकरांपर्यंत पोचला तोवर पायही ताळ्यावर आले होते.

खरांगण्याला सडकेच्या कडेला सीताबाई उभी. हातात ताकाचा तांब्या, मागं आनंदाबाई आणि तिची अख्खी गल्ली.

"उतरू नको! उतरू नको!" सीताबाई ओरडली आणि पदर खोचून सायकलबरोबर पळू लागली. नत्थूनं तांब्या घेतला, एका दमात रिकामा केला.

"दोघंच पुढं गेलेत," ती धापा टाकत म्हणाली. "एकाचं सीट हलून राह्यलं. त्याले तू आंजीच्या आत धरतोच. चाल!"

आंजीच्या अलीकडं तो गडी सीटचे नटबोल्ट आवळत बसलेला दिसला. मधुकरराव काही सापडले नाहीत. ते पोचले आणि त्यांच्यामागं आठ-नऊ मिनिटांनी नत्थू. दुसरा. मधुकररावांनी त्याची सायकल एका हातानं उचलून पाहिली. "ही घेऊन मी आंजीच्या पुढं गेलो नसतो," ते म्हणाले.

संध्याकाळी बक्षिसं वाटताना महादेवरावांनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. नत्थू आयुष्यात सभेत बोलला नव्हता.

"सडक चांगली होती," तो म्हणाला. "आर्वीले मले पाणी मिळालं नाई. ओंजळ कर म्हणे. माह्यं एवढंच म्हणणं हाय, की पुढच्या साली सगळ्यायले पेला द्या, नाईतर सगळ्यायले ओंजळ. मधुकररावले ओंजळ जमत असंन तं मीबी तयार हाओ."

लोक हसले. मधुकरराव मात्र खुर्चीतून उठून म्हणाले, "मला जमणार नाही. पेलेच ठेवा." महादेवरावांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. पुढच्या वर्षी आर्वीला सगळ्यांना पेले मिळाले. नत्थू त्यानंतर आणखी चार शर्यतींत उतरला. पहिला कधीच आला नाही, तिसऱ्याच्या खाली कधी गेला नाही.

त्या पहिल्या शर्यतीत दुसऱ्या नंबरचं बक्षीस होतं गजराचं घड्याळ. सीताबाई दुसऱ्या दिवशी मोटारीनं परत आली, तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे कायले? जिनचा भोंगा हायेच ना."

"वाजते थे. पाह्य." नत्थूनं चावी फिरवली.

घड्याळ असं काही किंचाळलं, की शेजारची मंदाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. सीताबाईला ते फार आवडलं. त्या आठवड्यात घरी येईल त्याला तिनं गजर लावून ऐकवला, आणि होळीपर्यंत पिपरीतल्या अर्ध्या बायका तो ऐकायला येऊन गेल्या.