कोरडी पडलेली बाटली

माझ्या थोरल्या जाऊबाई रंगाच्या कारखान्यात रसायनांची खोली सांभाळायच्या. मी पलीकडेच पॅकिंगला. त्यांच्या कपाटात पिक्रिक ॲसिडची एक बाटली असायची, आत पिवळीधमक पूड. "पाण्यात भिजलेली असली की गरीब गाय," त्या सांगायच्या, "आणि वाळली की बॉम्ब. नुसतं झाकण घासलं तरी पुरे." म्हणून त्या अधूनमधून तिच्यात पाणी घालत. पण कपाटाची किल्ली कुणाला देत नसत. माझ्या बाटल्यांना परक्याचा हात नको, हा त्यांचा खाक्या.

सासूबाई पडल्या, खुबा मोडला. जाऊबाई कित्येक महिने त्यांच्या उशाशी होत्या. किल्लीही घरीच.

कामावर परतल्या त्या दिवशी मी चहाला बोलवायला गेले, तर त्या कपाटासमोर पाठमोऱ्या. एक हात बाटलीला, दुसरा झाकणावर.

"आत येऊ नकोस." आवाज विहिरीतून आल्यासारखा. "सवयीनं झाकण फिरवलं गं. साखर चुरडल्यासारखं करकरलं. झाकणाच्या आट्यांत खडे धरलेत."

"मग सोडा ना हात!"

"कशी सोडू? बाटली अर्धी फळीबाहेर आलीय."

माझी हाक ऐकून साहेबांनी कारखाना रिकामा केला, बॉम्बपथक बोलावलं. मला ओरडले, तरी मी दारातून हलले नाही.

"जा गं तू. दोघी गेलो तर त्या दोघा भावांना साधा भात तरी येतो का?"

"मग या घरी आणि शिकवा."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी कोपर हळूच कपाटाच्या कडेला टेकवलं.

"किल्ली तुझ्याकडे दिली असती तर..."

"बोलू नका ताई. श्वास घ्या."

एरवी माझ्या तोंडी नामस्मरण असतं. तेव्हा एकही नाव आठवेना. देवा, त्यांच्या हाताखाली तुझा हात धर, एवढंच.

पथकातला माणूस आला. झाकणावर थेंब थेंब पाणी सोडत राहिला, आट्यांत मुरेपर्यंत. मग बाटलीला खालून आधार दिला. "बाई, आता बोटं सैल करा."

"होत नाहीत हो."

त्यानं एकेक बोट सोडवलं.

कपाटाची किल्ली आता साहेबांच्या दाराशी खिळ्यावर असते. जाऊबाई पुन्हा कामावर गेल्या नाहीत. घरात एकाही डब्याचं झाकण त्या लावत नाहीत. साखरेला मुंग्या लागतात, सासूबाई अंथरुणातून करवादतात. मी मुकाट्यानं मुंग्या झटकते, आणि डबा तसाच उघडा ठेवते.