रूथ सिस्टरांचा एक नंबर

डिसेंबरची एक तारीख उजाडली की रूथ सिस्टर आपल्या खोलीच्या दाराला आतून एक ड्रॉइंगचा कागद चिकटवायच्या. पट्टीने आखलेल्या दहा ओळी, एक ते दहा आकडे आणि पुढे सगळं कोरं. त्या वर्षी निघालेल्या ख्रिस्ती मेटल आणि हार्डकोर, म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या रॉकच्या अल्बमांमधले त्यांचे आवडते दहा मग महिनाभर त्या ओळींवर चढायचे, उतरायचे, खोडले जायचे. पेन्सिल कायम अंबाड्यात खोचलेली. सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करणारी पन्नाशीची बाई, परीटघडीची पांढरी साडी, जपून टाकलेली पावलं. आणि डोक्यात काळजी काय, तर स्वीडनचे ते चौघे सहावे की सातवे.

मी मोहाडीत कोसा रेशीम विणणारी बाई. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. खोली देताना मी स्वतःला फार हुशार समजले होते. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायची होती आणि रुबाब येऊन बसला होता. ख्रिस्ती बाई आहे, एकटी आहे, फार तर रविवारी पेटीवर हळू आवाजात काहीतरी म्हणेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं. नोव्हेंबरच्या अखेरीला त्या दोन ट्रंका घेऊन राहायला आल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांच्या बंद खोलीतून पुरुषाचा आवाज आला. आत पुरुष आहे हा पहिला धक्का. तो मरणाच्या कळांनी ओरडतोय हा दुसरा. आता तेव्हाच्या माझं डोकं पाहा. पुरुषाचा जाब मागाहून विचारू, आधी त्याचं पोट बरं करू, असं ठरवून मी ओवा, काळं मीठ आणि कोमट पाण्याचा पेला घेऊन दार वाजवलं.

दार उघडलं तर सिस्टर एकट्याच. हातात इस्त्री आणि खिडकीत डब्याएवढा एक स्पीकर.

"कोन ओरडून राह्यलं?"

"नॉर्वेचा आहे, काकू."

"पोट दुखते का त्याचं?"

"नाही. पाप दुखून राह्यलं." असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला ओवा तोंडात टाकला. "माह्यासाठीच आनला का? काल भजे जरा जास्तच झाले होते."

मी तिथेच त्यांना सांगितलं, महिना संपला की खोली खाली करा. देवाचं नाव असं घशात काटा अडकल्यासारखं घेतात का, यावर भाषणही दिलं. माझ्या भाषणाचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता आठवलं की पदराने तोंड झाकावंसं वाटतं. सिस्टर भांडल्या नाहीत. दोन वर्षांतली ही त्यांची चौथी खोली होती. एकट्या बाईला आधीच कोणी खोली देत नाही, त्यात ही असली गाणी. त्या एवढंच म्हणाल्या, "करतो खाली. पन यादी होईस्तोवर राहू द्या. दहाच्या दहा नंबर भरले का मी चालली."

मी शब्द देऊन बसले. मग सुचलं की यादी जितकी लवकर होईल तितकी बरी. दुसऱ्या दिवसापासून मीच त्यांच्या मागे लागले, "लावा, लावा, उरका ते." आमच्या ह्यांना ऐकू कमी येतं. ते म्हणाले, "छान गाते बाई." घरात तेवढेच समाधानी.

माझा माग भिंतीच्या अलीकडे. त्या तिकडे अल्बम लावायच्या आणि मी इकडे विणायची. माझे पाय पावड्यांवर. पावड्या म्हणजे मागाखालच्या पायपट्ट्या. एक दाबली की ताण्याचे निम्मे उभे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले वर. चाळीस वर्षं माझे पाय त्यावर चालताहेत, डोक्याला न विचारता. चार दिवसांनी पाहते तर कापड चटईसारखं घट्ट विणलेलं. मी तो तुकडा घेऊन तणतणत गेले.

"तुमच्या त्या ब्राझीलच्या ढोलवाल्यानं माह्ये पाय पळवले. पाहा हे."

सिस्टरांनी कापड उजेडात धरलं. "म्हंजे तुमचे पाय त्याच्यासंग चालले?"

"चालले कायचे. तो मधातच चुकते. तिसऱ्या गान्यात त्याचा एक पाय मांगं राह्यते, मंग धावत येते."

त्यांनी ते गाणं तीनदा लावलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं. मग अंबाड्यातली पेन्सिल काढली, ब्राझीलला दुसऱ्या नंबरावरून खोडलं आणि नवव्यावर नेऊन ठेवलं. "काकू," त्या हळूच म्हणाल्या, "बारा वर्षं झाले मी यादी करून राह्यली. कोनीच माह्याशी यावर भांडलं नव्हतं."

झालं. मला अधिकार चढला. विणकाम संपलं की मी त्यांच्या पलंगावर मांडी घालून बसायची आणि पायाने मोठा ढोल बडवणाऱ्या जगभरच्या ढोलवाल्यांचे पाय तपासायची. नावं मला कधी पाठ झाली नाहीत. आम्ही त्यांना देशावरून ओळखायचो. सिस्टर शब्द समजावून सांगायच्या. "हा म्हनते, देवा, तू कुठं जाऊन बसला."

"मंग हळू विचारावं ना."

"हळू विचारून पाह्यलं असंल आधी."

मेटल आणि हार्डकोरमधला फरकही त्यांनीच शिकवला. "मेटल म्हंजे मोठं देऊळ बांधल्यावानी, दगडावर दगड. हार्डकोरवाल्याले तेवढा धीर नाही. तो दार तोडूनच देवापाशी जाते. वीस मिनटात काम खतम."

एकदा मी विचारलं, दिवसभर बायांचं ओरडणं ऐकता, घरी पुन्हा हेच कायले? साडीची घडी करता करता त्या थांबल्या. दवाखान्यात त्या कळा देणाऱ्या पोरींना म्हणायच्या, "लाजू नोको, ओरड. देवानं गळा कायले देल्ला?" हे मी माझ्या सुनेच्या बाळंतपणात पुढे स्वतः ऐकलं. मला मात्र त्या दिवशी त्या एवढंच बोलल्या, "तिथं ओरडनारीले मी धीर देतो, काकू. इथला ओरडनारा मले देते."

डिसेंबरच्या एकोणतीस तारखेला नऊ नंबर भरले. राहिला एक. सिस्टरांचं मन शिलाँगच्या पोरांवर, एकोणीस मिनिटांचा अल्बम, सगळा बायबलातल्या ईयोबाच्या दुःखावर. माझं मन नॉर्वेच्या त्या पोटदुख्यावर. मी म्हटलं, शिलाँगची पोरं शेवटी दमतात. त्या म्हणाल्या, दमतात म्हणूनच खरी वाटतात. एकतीस तारीख उलटली. जानेवारीत संक्रांतीचे तिळगूळ वाटताना आम्ही त्यावरच भांडत होतो. मी गल्लीत सांगायची, तत्त्वाचा प्रश्न आहे.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी सिस्टरांनी पेन्सिल काढली आणि कागदासमोर उभ्या राहिल्या. "जाऊ द्या काकू, नॉर्वेच लिहितो. तुमचंच खरं." दोन्ही ट्रंका पलंगाखालून बाहेर ओढलेल्या दिसत होत्या.

मी जिंकले होते, आणि बघत होते त्या ट्रंकांकडे. एक नंबर भरला की बाई जाणार. हे मला, एवढ्या शहाण्या बाईला, तेव्हा कळलं.

"थांबा," मी म्हटलं. "इतकी घाई कायची आहे? पुन्हा एकडाव ऐकू दोन्ही."

मग पेन्सिल अंबाड्यात गेली आणि पायाने त्यांनी एक ट्रंक पलंगाखाली ढकलली. दुसरी मी ढकलली.

त्यानंतर आणखी सात वर्षं डिसेंबर आले. दर वर्षी नवा कागद, दोन ते दहा भरलेले, एक कोरा. दर वर्षी आम्ही दोघी प्रामाणिकपणे कडाकडा भांडलो आणि दर वर्षी कुठेतरी माघातच निकाल पुढे ढकलला. त्यावर कधी एक शब्द बोललो नाही.

गेल्या जुलैत त्या निवृत्त झाल्या आणि अचलपूरला बहिणीकडे राहायला गेल्या. बहिणीचे गुडघे गेलेत, त्यामुळे थांबा म्हणायची सोय नव्हती. मी बसपर्यंत गेले, डबा दिला, आणि फार शहाण्यासारखी वागले. घरी आल्यावर आठ दिवस माझे पाय मागावर नीट चालले नाहीत.

डिसेंबरच्या शेवटी मोठ्या नातीच्या फोनवर कागदाचा फोटो आला. दहाच्या दहा ओळी भरलेल्या. एक नंबरावर फिनलंड. मला इतका राग आला की लगेच फोन लावला.

"मले न विचारता एक नंबर भरला?"

"आता भराले काय हरकत आहे, काकू?" त्या म्हणाल्या. "आता कोन्ती खोली खाली कराची आहे?"

मी फोन ठेवला. नातीने फिनलंड लावून दिलं. मी पूर्ण ऐकलं, पदराने नाक पुसलं आणि पुन्हा फोन केला.

"सिस्टर, सहाव्या गान्यात त्याचा पाय चुकते."

"शक्यच नाही. मी वीस डाव ऐकलं."

"तुमाले नाही समजाचं ते. इथं मागावर बसून ऐका लागते."

"पक्कं चुकते?"

"चुकते म्हंजे, उघडउघड."

रविवारच्या बसने येताहेत. खोली झाडून ठेवली आहे. फिनलंडवाल्याचा पाय अजिबात चुकत नाही. फार सुंदर वाजवतो पोरगा.