वाढत्या पायाचे स्केट्स

माझ्याहून थोडी मोठी मामेबहीण माटुंग्याच्या कॉलनीत प्लास्टिकचे ग्लास रांगेने मांडायची आणि एका पायावर सरकत त्यांच्यातून नागमोडी जायची. एकही पडायचा नाही. मी कठड्यावर बसून टाळ्या वाजवायचे आणि मनात म्हणायचे, पड की एकदा! तिचं सगळंच मला सलायचं, पण ते एका ओळीत चार चाकं असलेले स्केट्स सर्वांत जास्त. त्या ग्लासांमध्ये तिला हरवायचं, एवढंच मला हवं होतं.

संपात बाबांची गिरणी गेली ती गेलीच. पुढे बऱ्याच वर्षांनी ते कुरियरच्या ऑफिसात टिकले, तेव्हा कुठे माझा हट्ट पुरवला गेला. धोबीतलावच्या दुकानात मी ठरवूनच गेले होते: चाकं लहान, म्हणजे चटकन वळता येतं, बूट कडक, घोटा धरून ठेवणारा. दुकानदाराने तसाच काढला. बोटं पुढे जेमतेम टेकली, टाच जागची हलेना. रस्त्यावर फिरा नाहीतर ग्लासांतून वळा, बूट असाच बसायला हवा, असं तो म्हणाला.

बाबांनी वाकून माझ्या टाचेमागे बोट घालून पाहिलं. शाळेचे बूटही आमच्याकडे असेच घेतले जायचे. बोट शिरलं नाही.

“गो, पाय काय तुजो इतकोच रवतलो?” ते मला म्हणाले, आणि दुकानदाराला, “दोन नंबर मोठे काढा.”

मी रडले, भांडले. घरी आईने पुढे कापूस कोंबून दिला. लालबागला चाळीच्या आवारात माझा पाय वळायचा आणि बूट सरळच जायचा. ग्लास आडवे, मीही आडवी. मामेबहिणीचा मी रोज राग राग केला. तिच्या बाबांना टाचेमागे बोट घालायचं सुचत नाही, याचासुद्धा.

कापूस हळूहळू कमी होत गेला. एका मे महिन्यात तो पूर्ण निघाला आणि टाच घट्ट बसली. त्या संध्याकाळी मी ग्लासांमधून पुन्हा पुन्हा गेले, एकही पडला नाही. दुसऱ्याच दिवशी स्केट्स पिशवीत घालून मी माटुंगा गाठलं.

मामेबहीण मैत्रिणींबरोबर बाहेर निघाली होती. पिशवीत डोकावून ती हसली, तेही अगदी मायेने.

“अय्या, तू अजून खेळतेस हे? माझे तर मी कधीच देऊन टाकले गं.”

ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं जळत होते, ते तिने सहज सोडून दिलं होतं. तिचा एवढा हेवा मला त्याआधी कधीच वाटला नव्हता.