रिकामी अंडी

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. सांगलीत एम.एस्सी. झाल्यावर मी तिथल्याच एका कॉलेजात संशोधनाला राहिलो होतो. तासगावकडच्या द्राक्षबागांवर जी रसायनं फवारत, त्यांतल्या काहींनी कर्करोग होऊ शकतो का, हे आम्ही कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर तपासत होतो. अंड्याच्या रुंद टोकाला बारीक भोक पाडायचं, सुईनं रसायन आत सोडायचं, भोक मेणानं बुजवायचं आणि अंडं उबवणी यंत्रात ठेवायचं. पिल्लू बाहेर यायच्या दोनतीन दिवस आधी कवच फोडून त्याचं यकृत काढायचं. तुलनेसाठी एका गटाला आम्ही असं रसायन देत असू, की ज्यानं यकृताचा कर्करोग होतो हे आधीपासूनच ठाऊक होतं. प्रत्येक अंड्यावर मी पेन्सिलीनं आकडा टाकायचो, आणि या गटाच्या आकड्याखाली एक रेघ.

कवच फोडलं की ओली पिसं अंगाला चिकटलेलं पिल्लू बशीत घसरायचं. कधी त्याचा एखादा पाय हलायचा. एखादं अंडं आतच सडलेलं निघालं तर तो वास कपड्यांत बसायचा. मी वाईच्या शाकाहारी घरातला. हॉस्टेलवर ऑम्लेट खायला शिकलो होतो, तेवढीच माझी मजल. त्यामुळे घाणीची सगळी कामं मी मामांवर ढकलली होती. कॉलेजात शिपायाला आम्ही मामाच म्हणायचो.

मामांनी आधी कुपवाडजवळच्या एका हॅचरीत काम केलं होतं, आणि अंड्यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायचं. सातव्या दिवशी ते अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं बल्बसमोर धरत. लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं परत यंत्रात. नाही दिसलं तर त्यात गर्भ धरलाच नाही, ते रिकामं. मी सांगायचो, रिकामी काढून टाका, आणि खोलीबाहेर पडायचो. ते ती कुठं टाकतात, हे दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. आपण आत काय टोचतो, असं त्यांनीच एकदा विचारलं होतं. तुम्हाला कळायचं नाही ते, असं मी म्हणालो होतो.

मामा कुंडलच्या बाजूला एका खेड्यात राहायचे. तिथं त्यांनी नवी खोली बांधली आणि एका रविवारी मला जेवायला बोलावलं. दोनतीनदा टाळून झालं होतं, म्हणून गेलो. भिंतीला ताजा चुना, समोर बुद्धाची तसबीर. त्यांच्या आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मामींनी भाकरी आणि अंड्याचा रस्सा वाढला. सर अंडं खातात म्हणून मुद्दाम केलंय, असं मामा कौतुकानं सांगत होते.

जेवायला बसण्याआधी हात धुवायला मी दाराशी गेलो. तिथं राखेच्या घमेल्यात टरफलं पडली होती. एका तुकड्यावर पेन्सिलीनं आकडा लिहिलेला होता. अक्षर माझं होतं. आकड्याखालची रेघ त्या तुलनेच्या गटाची होती.

परत येऊन मी विचारलं, मामा, ही अंडी कुठली?

"आवं, लॅबातलीच की. रिकामी. चांगली चीज टाकायची कशाला? हॅचरीत बी आमी घरीच न्यायचो."

ज्यात पिल्लू धरलं नाही त्यात आपण टोचलेलंही काही उरत नाही, अशी त्यांची समजूत होती. ती मोडायला माझी दोन वाक्यं पुरली असती. पण मग दोन वर्षं तुम्ही गप्प का होता, हा प्रश्न आला असता. शिवाय तो कॉलेजात पोचला असता तर माझी पीएच.डी. तिथंच संपली असती. एवढा हिशेब मी ताटासमोर बसून केला. मग म्हणालो, माझं पोट बिघडलंय.

मामांच्या आई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रं. त्यास्नी आपल्यातलं चालत न्हाई."

मामींनी माझ्या ताटातलं अंडं उचललं आणि सासूबाईंच्या ताटात ठेवलं. म्हातारीला दात नव्हते. तिनं पिवळा बलक बोटांनी कुस्करला, रश्शात कालवला आणि सावकाश खाल्ला. मी बघत बसलो. त्या घरात सगळ्यांत किळसवाणं काही असेल तर ते माझं तिथं बसणं होतं. त्या अन्नानं पुढं कुणाला काही झालं का, हे मला माहीत नाही. माहीत करून घ्यायला मी कधी गेलो नाही.

सोमवारी मी मामांना सांगितलं की यापुढं रिकामी अंडी फोडायची, त्यावर फिनेल ओतायचं आणि मागच्या आवारात पुरायची. एकही बाहेर न्यायचं नाही.

मामांनी विचारलं, "आमच्या ताटात दिसली म्हणून व्हय?"

"तसं नाही, मामा."

मग कसं, ते मी सांगेन म्हणून ते थांबले. मी मात्र वहीत डोकं घातलं आणि म्हणालो, विभागप्रमुखांचा हुकूम आहे. विभागप्रमुखांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मामांनी मान हलवली आणि ते फावडं आणायला गेले.