लकडगंजातले तिवर

समुद्रापासून इतक्या लांब राहून चिखलात हात घातला की किस्से आपोआप गोळा होतात! आम्ही तिघं कलाकार. लकडगंजात जुनं गोदाम भाड्यानं घेतलं आणि छपरातून ऊन येतं त्या जागी सात टबांत तिवर लावले. खारफुटीतलंच झाड. ते कसं जगतं ते पाहायचं आणि त्यातून चित्रं, विणकाम, आवाज असं काहीतरी करायचं. आईला सांगितलं, तर म्हणाली, "जेवतोस ना वेळेवर?"

*

शुभांगीच्या घरी पूर्वी हातमाग होता. ती सुतातून मुळं विणते. खारं पाणी करायला ती खड्याच्या मिठाचं पोतं आणायला गेली. दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं.

"इतकं मीठ काहून लागते वं पोरी?"

"झाडाले घालाले."

त्यानं आवाज बारीक केला. "कोणाच्या झाडाले?"

*

नितीन चिखलात माइक खुपसून दिवसभर हेडफोन लावून बसायचा. समोरच्या लाकडं कापायच्या आरामशीनचा मालक डोकावला.

"काय ऐकून राहिला गा?"

"चिखल."

"काय म्हणते?"

"अजून काही नाही."

दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी, इथून मेट्रो जाणार! शेजारचे दोघं तर मोबदल्यासाठी घराचे कागद घेऊनच आले.

*

शंकरकाका गोदामाचे राखणदार. नरखेडकडे संत्र्याच्या बागांत उभा जन्म गेलेला. तिवराची मुळं चिखलातून वर आलेली पाहून म्हणाले, "उलटी लावली का गा झाडं?"

मी सांगितलं, "काका, ती मुळं श्वास घेतात."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच औषधाची गरज आहे.

*

मग पानं पिवळी पडू लागली. रोज सकाळी पाहावं तर मुळांवर चिखल थापलेला! आम्ही तो काढायचो, सकाळी पुन्हा तेच. दोन झाडं गेली. दोन वर्षं जपलेली झाडं, मला रडूच आलं.

चाव्या काकांकडे आणि आम्हा तिघांकडे. माझा संशय शुभांगीवर, तिचा नितीनवर, नितीनचा माझ्यावर. आता सांगायला लाज वाटते, पण मी चहा घेताना चोरून तिची नखं बघायचो. काका वर आगीत तेल ओतायचे, "कोणीतरी दुश्मनी काढून राहिला. नजर ठेवा."

शेवटी शुभांगी म्हणाली, "उरलेली झाडं वाटून घेऊ. मले नाही करायचं हे काम तुमच्यासोबत."

काका आमच्यासाठी चहा सांगायला गेले. तेवढ्यात नितीनला आठवलं, पाचव्या टबातला माइक कालपासून चालूच होता. त्यानं पहाटेचं रेकॉर्डिंग लावलं. आम्ही एकमेकांकडे न बघता ऐकत बसलो.

आधी कुलूप उघडल्याचा आवाज. मग चपला. मग ओला चिखल थापल्याचा आवाज, अगदी हळू. आणि मग बोलणं,

"काहून बाहेर येऊन राहिले रे लेकरांनो? दिवस निघाला, ऊन लागन तुमाले. या पोट्ट्यायले काही समजत नाही. घ्या, पांघरून घ्या."